कोंडा मी टाकला

सरांकडे मी सहा वर्षं नोकरी केली. सर म्हटलं की लोकांना वाटतं, शिक्षक असतील. ते शिक्षक नव्हते. आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्तीनंतर, केळवे-माहीमकडची माणसं ज्या वयात आपल्या वाडीतल्या सुपाऱ्या वाळवत बसतात त्या वयात, त्यांनी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला आणि गांजाच्या झाडाच्या बियांचं तेल काढायला सुरुवात केली. तेल आणि चटणी. सगळं कायदेशीर. हे ‘सगळं कायदेशीर’ आत्ता माझ्याकडून सवयीने लिहिलं गेलं. रोज ऐकून ऐकून ते तोंडात बसलंय.

पहिल्या दिवशी मी त्यांना काका अशी हाक मारून पाहिली. ते म्हणाले, आपलं नातं नाही, नोकरी आहे; सर म्हणा, नाहीतर काही म्हणू नका. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, दोन कारखान्यांत शिफ्ट करून कंटाळलेली. छोटी जागा, ठरलेली वेळ, समुद्राकडचा सज्जन माणूस, असा हिशेब करून मी आले होते. सज्जन तर ते होतेच. तोच तर त्रास होता.

या उद्योगाची सुरुवात कशी झाली ते मला काकूंनी सांगितलं. त्यांना काकू म्हटलेलं चालायचं. दोघं उत्तराखंडात फिरायला गेले होते. एका डोंगरातल्या घरी जेवायला बसले असताना पानात एक करडी चटणी आली. सरांनी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा घेताना विचारलं, कशाची? घरच्या बाईने सांगितलं, भांगेच्या बियांची. सरांचा हात तिथेच थांबला. घास खाली ठेवून त्यांनी तिला विचारलं की हे कोणत्या नियमाखाली खातात. ती बिचारी म्हणाली, भाकरीबरोबर खातात.

घरी आल्यावर त्यांनी पत्रं लिहायला घेतली. या खात्याला, त्या खात्याला, दिल्लीला. दीड वर्षाने लेखी उत्तर आलं की त्या झाडाचं बी खाता येतं, त्याचं तेल काढता येतं, विकता येतं. बीमध्ये नशा नसते. फुलाला आणि बोंडाला मात्र हात लावायचा नाही. ते उत्तर त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवून घेतलं. ते त्यांच्या पिशवीत कायम असायचं आणि कोणी न मागता बाहेर यायचं. बँकेत, दवाखान्यात, एकदा तर भाचीच्या साखरपुड्यात.

आमचं पहिलं भांडण लेबलवरून झालं. बाजारात हाच माल ‘हेम्प’ नावाने विकला जातो. वैद्यमंडळी ‘विजया’ म्हणतात, तेही कानाला गोड लागतं. मी दोन्ही नावांची सुंदर लेबलं काढून आणली. सरांनी ती बाजूला ठेवली आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर माझ्या पुढ्यात सरकवला: ‘गांजाच्या झाडाच्या बियांची चटणी. नशा होत नाही.’ अक्षरं एवढी मोठी की बाटलीच्या मागच्या बाजूने वळून पुढे यावीत.

मी म्हटलं, सर, हे वाचून कोण घरात घेईल? ते म्हणाले, जे आहे ते. मी म्हटलं, हेम्प म्हणजेही तेच की. ते म्हणाले, मग तेच असेल तर माझंच ठेवू. सहा वर्षांत अनेकदा असं झालं. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे हे मला लख्ख दिसायचं आणि ते कुठे चुकलंय तेवढंच दाखवता यायचं नाही.

पालघरला एकदा बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. आमच्याकडे बी चाळायला, निवडायला जिवी नावाची बाई होती. मनोरच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची. भात कापून झालं की पूर्वी ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, तीन पोरं घेऊन. आमच्याकडे लागल्यापासून पोरं एका जागी शाळेत जात होती. तिच्या गटाच्या ओळखीने आम्हाला त्या प्रदर्शनात टेबल मिळालं. एका बाजूला तांदळाचे पापड, दुसऱ्या बाजूला मोहाच्या फुलांचे लाडू, मध्ये आम्ही.

एक वयस्कर बाई आल्या. कुठेतरी वाचून आल्या होत्या की या तेलाने गुडघे मोकळे होतात. दोन बाटल्या हातात घेतल्या होत्या. मी पिशवी काढत होते तेवढ्यात सर म्हणाले, “गुडघ्याचं मी लिहून देऊ शकत नाही.” त्या म्हणाल्या, लिहून नको, नुसतं सांगा. सर म्हणाले, लिहून देता येत नाही ते सांगताही येत नाही. बाईंनी बाटल्या जागेवर ठेवल्या आणि पापड घेऊन गेल्या. मग कॉलेजची चार मुलं आली, लेबल वाचून एकमेकांना कोपरखळ्या मारत. सरांनी त्यांना वीस मिनिटं बी, पान आणि बोंड यांतला फरक समजावून सांगितला. त्यातल्या एकाने शेवटी हळूच विचारलं, काका, थोडं तरी? “थोडंही नाही,” सर म्हणाले. “पोळीबरोबर खा.”

त्या दिवशी जिवीने लाडूवाल्यांचे लाडू विकले. आमच्याकडे तिला करण्यासारखं काही नव्हतं.

नोकरी संपली तरी त्यांच्यातला निरीक्षक संपला नव्हता. बाजारात केळीवाल्याचा काटा ते बोटाने थोपटून बघायचे. पेट्रोल पंपावर मापाचं भांडं मागायचे. आमच्या चटणीच्या बाटलीत दोनशे ग्रॅम म्हटलं की दोनशे दोन भरायचं, कारण दोन ग्रॅम काचेला चिकटून राहतात आणि ती गिऱ्हाइकाची फसवणूक होते. बाटली रिकामी झाल्यावर काचेला किती राहतं हे त्यांनी खरोखर मोजलं होतं. काकू म्हणायच्या, यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी माझं वय एक वर्ष कमी सांगितलं होतं. कळल्यावर यांनी पत्रिका परत छापून घेतल्या, पत्रिकेत वय नव्हतं तरी.

मनोरची गोष्ट आजही आठवली की माझं डोकं तापतं. आमचं बी उत्तराखंडातल्या परवानाधारक शेतकऱ्यांकडून यायचं, टेंपोने, महामार्गावरून. एकदा मनोरजवळ तपासणीत टेंपो अडवला. ड्रायव्हरने मला फोन लावला, मी हवालदारांशी बोलले, कागद मोबाइलवर पाठवले. त्यांनी एक पोतं उघडून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, ठीक आहे, जाऊ द्या. पाच मिनिटांत विषय संपला होता. मी सरांना कळवायची चूक केली.

ते गाडी घेऊन मनोरला गेले. टेंपो निघायच्या तयारीत होता. सरांनी तो थांबवला आणि हवालदारांना विचारलं, तपासल्याची नोंद कुठे आहे? ते म्हणाले, काका, काही सापडलंच नाही तर नोंद कसली? सर म्हणाले, काही सापडलं नाही याचीच नोंद हवी, उद्या कोणी विचारलं तर मी काय दाखवू? हवालदार म्हणाले, त्यासाठी आमच्याकडे वही नाही. सरांनी पिशवीतून नवी कोरी वही काढून दिली. येताना विकत घेतली होती. साहेब आल्याशिवाय सही नाही, साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले, टेंपो तोवर रस्त्याकडेला. तो ड्रायव्हर पुन्हा आमचा माल घ्यायला कधी आला नाही. “नोंद झाली,” सर मला म्हणाले, जणू मी आनंदाने उडी मारणार होते.

पण या सगळ्यावर कडी केली ती त्यांच्या वाडीतल्या मोकळ्या तुकड्याने. सरांना नुसतं बी आणून तेल काढायचं नव्हतं, झाड स्वतः लावायचं होतं. आपल्या खाऱ्या हवेत ते कसं येतं, बीमध्ये तेल किती भरतं, हे बघायचं होतं. त्यासाठी संशोधन म्हणून चार गुंठ्यांत लागवडीची परवानगी द्यावी असा अर्ज त्यांनी केला होता. अर्ज पालघरजवळच्या कोळगावच्या जिल्हा कार्यालयातून वर, वरून खाली, असा फिरत होता. दरम्यान सरांनी वाडीतले चार गुंठे नांगरून, भोवती तारेचं कुंपण घालून, फाटकाला कुलूप लावून तयार ठेवले होते. फाटकावर पाटी होती: ‘परवानगी प्रलंबित’. आत काही नाही. गवताचं पातं नाही. पावसाळ्यात उगवलं की ते स्वतः बसून उपटायचे. आणि एक रोजची वही होती. मी ती पाहिली आहे. प्रत्येक पानावर तारीख आणि खाली एकच ओळ: ‘आज काहीही पेरले नाही.’ सही.

काकू म्हणायच्या, तेवढ्या जागेत वांगी तरी लावू द्या. सर म्हणायचे, अर्जात जमीन रिकामी आहे असं लिहिलंय.

मला विचाराल तर त्या वहीत माणूस वेडा झाला म्हणण्याइतपत पुरावा होता. तरी मी नोकरी सोडली नाही. दर दिवाळीला ठरवायचे, सोडायची. मग एखाद्या दिवशी नाशिककडची एखादी बाई फोन करायची की तुमच्या बाटलीवर लिहिलंय तेवढंच आत निघालं, म्हणून परत मागवतेय. अशी गिऱ्हाइकं थोडी होती, पण हलत नव्हती. त्यांच्यावरच आम्ही जगत होतो.

श्रावणातली गोष्ट. सकाळी गाळा उघडत होते, तर शेजारच्या गाळ्याचा वॉचमन, उत्तर प्रदेशातला म्हातारा माणूस, मला मागच्या बाजूला यायची खूण करू लागला. गाळ्याची मागची भिंत आणि गटार यांच्यामध्ये हातभर मातीची पट्टी आहे. तिथे रानटी अळू, टाकळा, आणि त्यातून वर डोकं काढून अकरा रोपं. गुडघ्याएवढी. बोटं पसरल्यासारखी पानं, कडा करवतीच्या.

“मॅडम, यह तो हमारे गाँव वाला पौधा है,” तो म्हणाला. “उखाड़ के फेंक दो, बात खतम।”

बी खाणं, विकणं चालतं. झाड वाढवणं हा गुन्हा. एक असो की अकरा.

ती कुठून आली हे कळायला वेळ लागला नाही. बी चाळल्यावर जो कोंडा निघतो त्यात थोडं चांगलं बीही जातं. म्हणून सरांचा नियम होता की कोंडा आधी तव्यावर भाजायचा, बी मरेल इतका, आणि मग टाकायचा. त्याची वेगळी नोंदवही होती. भाजला, टाकला, खूण, सही. ती खूण मी करायचे. पावसाच्या सुरुवातीला काम फार होतं, गॅस दोनदा संपला होता, आणि जिवीने काही दिवस कोंडा तसाच मागे टाकला होता. मी वहीत खुणा केल्या होत्या. सगळ्या दिवसांच्या, एकदम, शनिवारी बसून.

जिवी आली, तिने पाहिलं आणि पदर खोचून सरळ वाकली. मी म्हटलं, उपट लवकर. तेवढ्यात सरांची गाडी आली. ते नऊला यायचे म्हणजे नऊलाच.

“हात लावू नका,” ते म्हणाले.

त्यांनी रोपं मोजली. पट्टी लावून उंची घेतली. फोटो काढले. मग जिवीला विचारलं, कोंडा कोणी टाकला? “मीच,” ती म्हणाली. तिच्या लेखी यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सरांनी आत जाऊन वही पाहिली आणि मला विचारलं, खुणा तुमच्या? हो म्हटलं. बघून केल्या? नाही म्हटलं. मला वाटलं आता ते बोलतील, रागावतील. ते फक्त “बरं” म्हणाले, वही बंद केली आणि गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

मी गाडीपर्यंत मागे गेले. म्हटलं, सर, दोन मिनिटांत उपटून टाकू, कोणाला कळणार आहे?

“आपल्याला कळलंय ना,” ते म्हणाले, आणि पोलीस ठाण्यात गेले.

पोलीस आले तेव्हा अकरा वाजले होते. त्यांनाही काय करावं ते समजत नव्हतं. स्वतःच्या गाळ्यामागे गांजा उगवलाय म्हणून स्वतः तक्रार करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पंचनामा सुरू झाला, रोपं मुळासकट काढून पिशवीत गेली, गाळ्याला सील लागणार हे ठरलं. साहेब यायचे होते, मग जबाब. जिवी भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. एका शिपायाने तिचं नाव, गाव आणि नवऱ्याचं नाव विचारलं, आणि तिने ते व्यवस्थित सांगितलं. ते ऐकताना माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

मी सरांना गाडीमागे नेलं. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी मी कधी तशी बोलले नव्हते. म्हटलं, तुमचा खरेपणा झाला, आता तिचं काय? थोड्या वेळाने तिला विचारतील, कोणी टाकलं, ती म्हणेल मी. मग ते लिहितील की हिने बी टाकलं आणि झाडं उगवली. तुम्हाला पेन्शन आहे, वाडी आहे, पत्रं लिहिता येतात. तिने वकील कुठून आणायचा? पोरांना कोण बघेल? तुम्ही सकाळी ठाण्यात गेलात तेव्हा हा विचार केला होतात?

त्यांनी चष्मा काढला. काच पुसली नाही, नुसता हातात धरला. माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला दिसलं की त्यांनी खरंच विचार केला नव्हता. कायदा त्यांच्या डोक्यात होता, ते स्वतः होते, आणि मध्ये कोणी नव्हतंच.

दुपारी साहेब आले. शेजारच्या गाळ्यातून टेबल आणून बाहेर मांडलं. सर समोर बसले. जिवी आणि मी बाजूला उभ्या. नाव, वय, पत्ता, परवाना क्रमांक, सगळं सरांनी न अडखळता सांगितलं. मग साहेबांनी विचारलं की कोंडा मागे टाकला कोणी.

“कोंडा मी टाकला,” सर म्हणाले.

जिवीने मान वर केली. मी तिचा दंड धरला.

“तुम्ही स्वतः?”

“हो.”

“कधी?”

हा माणूस चार वर्षांपूर्वीच्या टेंपोची वेळ मिनिटासकट सांगायचा. “आठवत नाही,” ते म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. साहेबांनी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.

गाळा चार महिने बंद राहिला. मी पुन्हा एका कारखान्यात शिफ्ट धरली. जिवी नवऱ्याबरोबर भट्टीवर गेली, पोरं घेऊन. चौकशीत अखेर निघालं की लागवडीचा हेतू नव्हता, माहिती स्वतःहून दिली, निष्काळजीपणा झाला. लेखी ताकीद मिळाली आणि सील निघालं. पण सरांचा लागवडीचा अर्ज त्याच कारणाने फेटाळला गेला. इतकी वर्षं जपलेले चार गुंठे त्यांनी काकूंना देऊन टाकले. पाटी स्वतः काढली. वांगी उत्तम आली.

मला वाटलं, संपलं. जिवी परत आली, मी परत आले, घाणा सुरू झाला. पण सर जेवेनात. काकूंचा फोन आला की हे रात्रंदिवस एकच म्हणतात, मी लिहून खोटं बोललो. मग ते, फाइल जिथे गेली होती त्या कोळगावला जायला लागले. सकाळी गाळ्यात यायचं, दुपारी कोळगाव. आपला जबाब दुरुस्त करून द्या म्हणायचे. काय दुरुस्त करायचं? तर कोंडा मी टाकला नाही. मग कोणी टाकला? ते सांगणार नाही. पहिल्या दोन अधिकाऱ्यांनी फाइल बंद झाल्याचं सांगून चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्याने हात जोडले. पाचव्या खेपेला माझा तोल सुटला. म्हटलं, सर, एकदा खोटं बोललात, चांगल्यासाठी बोललात, आता गिळा ते. ते म्हणाले, प्रयत्न करतोय, उतरत नाही.

शेवटी त्यांनी जिवीलाच सांगितलं. मी तिथे होते. तिच्या नावाचं काम आपण आपल्या नावावर लिहून दिलं, तिला न विचारता, त्याबद्दल त्यांनी तिची माफी मागितली. हातातलं सूप ठेवून जिवी उठली. मला वाटलं आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती चिडली होती.

“माझा कोंडा तुमी तुमच्या नावावर का घातला? मी काय चोरी केली हाय? मला इचारला असता तर मी सांगितला असता. आमाला बोलता येत नाय काय?”

गाडीमागे मी जे बोलले होते त्यातही तिला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिवी ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि म्हणाली, चला कोळगावला. मी समजावून पाहिलं की फाइल बंद आहे, कशाला उकरायचं. ती गाडीत जाऊन बसली. मग मीही बसले.

तिथे त्या दिवशी एक नव्या अधिकारी बाई होत्या, चाळिशीच्या, शांत. त्यांनी आधीच्यांसारखं उठवून लावलं नाही. फाइल मागवली. जिवीने उभ्यानेच सांगितलं, “कोंडा मी टाकला. न भाजता. त्यात झाड येल हे मला म्हायत नव्हता, आता म्हायत हाय.” बाईंनी ते लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. जिवीने सही केली, अक्षर अक्षर जोडत. मग बाईंनी वहीच्या प्रतीवर बोट ठेवलं. भाजल्याच्या खुणा आहेत त्या कोणाच्या? मी पुढे झाले आणि त्या माझ्या, न बघता केलेल्या, असं माझ्या हाताने लिहून दिलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते लवकर झालं.

बाईंनी कागद फाइलला लावले. म्हणाल्या की ताकीद तीच राहील, नवीन काही होणार नाही. मग सरांना विचारलं, “काका, आता समाधान?”

“माझं राहिलं,” सर म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी एक कोरा कागद सरांपुढे ठेवला. सरांनी पेन घेतलं, पण त्यांचा हात हलत होता. त्या चार महिन्यांत तो हलायला लागला होता आणि पुढे शेवटपर्यंत हलत राहिला. त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. मी लिहीन, तुम्ही सांगा, असं म्हटलं. त्यांनी सांगितलं की अमुक तारखेच्या जबाबात मी खोटे बोललो. मी लिहिलं. बाई म्हणाल्या, कारण लिहावं लागेल.

जिवी खुर्ची असून जमिनीवर बसली होती. बाहेर कोणीतरी शिक्के मारत होतं.

“लिहा,” सर म्हणाले. “कारण: सकाळी पोलिसांत जाताना या दोघींचा विचार माझ्या मनात आला नाही. तो दुपारी आला.”

मी तसंच लिहिलं. त्यांनी सही केली, वेडीवाकडी, आणि वेळ घातली, मिनिटासकट. खाली साक्षीदार म्हणून जिवीची आणि माझी सही आहे.